ठासणीची पहिली बंदूक: सोबत काय घ्यावे आणि बार कसा भरावा

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात डोंगर उतारावर काजूची बाग, खाली कुळागर (सुपारी-नारळाची बाग). रानडुकरांचा उपद्रव वाढल्याने पीक संरक्षणाच्या परवान्यावर १२ बोअरची एकनळी, तोंडातून ठासून भरायची केपाची बंदूक घेतली आहे. दुकानातून बंदुकीबरोबर फक्त गज (बार ठासायची कांडी) मिळाला. आणखी काय घ्यावे, बार भरताना काय सांभाळावे, आणि परदेशी चित्रफितींत कापडात गुंडाळून गोळी ठासतात तसे या बंदुकीत करता येईल का?

काडतुसाची बंदूक सांध्यावर उघडली की नळी आरपार दिसते. ठासणीच्या बंदुकीचे मागचे तोंड कायमचे बंद असते. आत दारू आहे की नाही, एकदा पडली की दोनदा, छर्रे दारूला टेकले आहेत की मध्येच अडकले आहेत, यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक अपघातांचे मूळ इथेच असते. म्हणून साहित्य घेताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: नळीत काय आहे ते कळायला हिची मदत होते का? होत असेल तर आधी ती घ्या. दारू ठेवायचे नक्षीदार शिंग आणि चामडी पट्टा नंतर घेतला तरी चालेल.

कायद्याचे आधी सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. त्या परवान्याने रानडुक्कर मारण्याची मुभा मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यासाठी वेगळी लेखी परवानगी लागते. ती नसेल तर बंदुकीचा उपयोग आवाज करून जनावर पिटाळण्यापुरताच. दुसरे म्हणजे, अभयारण्याच्या आत किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन खात्याकडे नाव नोंदवणे याच कायद्याच्या ३४ व्या कलमात आहे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, भगवान महावीर ही अभयारण्ये पाहता सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा या भागांतल्या बहुतेक बंदुका त्या टप्प्यात येतात. परवानगीशिवाय बंदूक घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, मग पायवाट रोजची असली तरी. दारू आणि केप (ठोक्याने ठिणगी देणारी छोटी टोपी) परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत, परवानाधारक दुकानातूनच घ्या.

आता साहित्य.

सर्वांत आधी गज. सोबत मिळालेला गज लाकडी असेल तर त्याचे रेषे टोकापासून टोकापर्यंत सरळ गेले आहेत का ते पाहा. रेषा तिरकी सुटून बाहेर आली असेल तर ठासताना गज तिथे भाल्यासारखा फाटतो आणि तळहातात घुसतो. लोखंडी गज नळीचे तोंड घासतो, शिवाय ठिणगीचा धोका. टोकाला पितळी टोपण आणि त्यात आटे असलेला गज घ्या, म्हणजे पुसण्याचे टोक, बार ओढण्याचा मळसूत्री आकडा आणि स्क्रू त्याच गजावर बसतात. हे तिन्ही पहिल्याच दिवशी घ्या. अडकलेला बार काढायचा आकडा रात्री मांगरात (बागेतल्या खोपटात) असताना हवा असतो, आणि तेव्हा दुकान वाळपईला किंवा डिचोलीला असते.

गजावर दोन खुणा करायच्या आहेत. बंदूक रिकामी असल्याची खात्री झाल्यावर गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी सुरीने बारीक रेघ पाडा. ही रिकाम्याची खूण. नेमका मोजलेला पहिला बार भरला की दुसरी रेघ, भरल्याची. १२ बोअरच्या नळीचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. त्यात ७५ ग्रेन (जवळजवळ ४.९ ग्रॅम) दारूचा थर १९ मिलिमीटरच्या आसपास बसतो, ३२ ग्रॅम छर्ऱ्यांचा जवळपास तितकाच, आणि पुठ्ठे व नमदा (दाबलेल्या लोकरीची जाड चकती) मिळून दीड सेंटिमीटर. म्हणजे दोन रेघांत सुमारे ५ सेंटिमीटर अंतर पडेल. दारू चुकून दोनदा पडली तर गज आणखी बोटभर, म्हणजे १९ मिलिमीटरच्या आसपास, वर राहतो. दारू पडलीच नाही तर तितकाच खाली जातो. तुमच्या नळीच्या तळाची घडण वेगळी असेल तर आकडे थोडे बदलतील, म्हणून रेघ स्वतःच्या बंदुकीवरच घ्या, शेजाऱ्याचा गज उसना आणून नको. या दोन रेघांना खर्च शून्य, पण बाकीच्या सगळ्या साहित्यापेक्षा मी त्यांना वर धरतो.

दुसरे, दारूचे माप. पितळी, ठरावीक आकाराचे. मुठीने, बाटलीच्या बुचाने, ‘चार बोटे’ म्हणून दारू घालणे बंद करा. काळी दारू आकारमानाने मोजायची रीत आहे. ७५ ग्रेन म्हणजे जवळजवळ ४.९ ग्रॅम, आणि तेवढी दारू साधारण ५ मिलिलिटर जागा घेते. माप बरोबर आहे का हे बघायला औषधाच्या सिरिंजने त्यात पाणी भरून पाहा, मग खडखडीत वाळवा. दारूच्या डब्यातून किंवा फ्लास्कमधून थेट नळीत कधीही ओतू नका. मागच्या बारातली ठिणगी आत धुमसत असेल तर मापातली ५ ग्रॅम दारू भडकेल आणि हात पोळेल. फ्लास्क तोंडाशी असेल तर ती २०० ग्रॅम दारू हातातच फुटेल.

किती दारू? बंदुकीसोबत आलेल्या कागदावर जास्तीत जास्त मर्यादा असेल तर तीच खरी. १२ बोअरसाठी जुने, शांत मोजमाप म्हणजे २¾ ड्रॅम, हेच ते ७५ ग्रेन, आणि वर ३२ ग्रॅम छर्रे. सुरुवात त्याहून कमी, ६० ग्रेन दारू आणि २८ ग्रॅम छर्ऱ्यांनी करा. दारू आणि छर्रे सारख्याच आकारमानाचे ठेवले तर साधारण हेच प्रमाण पडते. दारू वाढवून पल्ला फारसा वाढत नाही. छर्रे पांगतात, खांदा दुखतो, नळीत काजळी साठते. नुसत्या आवाजासाठी निम्मी दारू आणि वर एक पुठ्ठा पुरतो. नुसत्या दारूचा बारही माणसाच्या दिशेने काढायचा नाही. पुठ्ठा आणि जळते कण काही मीटर जोरात जातात आणि डोळा घेऊ शकतात.

दारू कोणती, यावर तडजोड नको. फक्त काळी बंदुकीची दारू, जाड दाण्याची. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू ठासणीच्या नळीत गेली तर नळी फाटते, कारण तिचा दाब या नळीच्या ताकदीपलीकडचा असतो. चवथीच्या फटाक्यांतली, ॲल्युमिनियमची चंदेरी पूड तर नळी आणि हात दोन्ही घेऊन जाते. ‘थोडीशी मिसळून’ हा प्रकारही तितकाच घातक.

पुठ्ठे आणि नमदा. आपल्याकडे दारूवर नारळाचा काथ्या किंवा चिंध्या ठासायची जुनी पद्धत आहे. ती सोडा. काथ्या धुमसत बाहेर पडतो, आणि फेब्रुवारी ते मे काजूच्या बागेत वाळलेले गवत असते. एक काथ्या अख्खी बाग पेटवू शकतो. शिवाय काथ्या प्रत्येक वेळी वेगळा दबतो, त्यामुळे गजावरची खूण निरुपयोगी होते. दारूवर ३ मिलिमीटर जाडीचा कडक पुठ्ठा, त्यावर १० ते १२ मिलिमीटरचा लोकरी नमदा, मग छर्रे, सर्वांत वर एक मिलिमीटरचा पातळ पुठ्ठा. चांभाराकडच्या गोल पंचने हे घरी कापता येतात, पण आधी नळीचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा. ‘१२ बोअर’ छापलेल्या दोन बंदुकांत फरक असतो. पुठ्ठा नळीत किंचित घट्ट जायला हवा. वरचा पातळ पुठ्ठा सैल असेल तर नळी खाली झुकवून चालताना तो छर्ऱ्यांसकट पुढे सरकतो आणि दारू आणि छर्ऱ्यांत पोकळी होते. पोकळी राहिलेला बार नळी फुगवतो. नमद्याला वंगण म्हणून मधमाशीचे मेण आणि खोबरेल एकत्र वितळवून लावा, काजळी मऊ राहते. मात्र तेलकट नमदा दारूला लागता कामा नये, म्हणूनच मध्ये कोरडा पुठ्ठा. छर्ऱ्यांऐवजी खडे, खिळे, लोखंडी तुकडे कधीच नको. ते नळीत पाचरीसारखे अडकतात.

केप आणि निपल. केप निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या छिद्र असलेल्या बोंडावर, बोटाच्या दाबाने पूर्ण खाली बसली पाहिजे. सैल केप गळून पडते, मग कोणी तिला चिमटून बसवतो, हे टाळा. नेमका क्रमांक शोधा, बाजारात १० आणि ११ हे जास्त चालतात. अर्धवट बसलेल्या केपेवर घोड्याचा (केपेवर आपटणाऱ्या हातोडीचा) पहिला ठोका ती नुसती खाली ढकलण्यात जातो आणि बार उडत नाही. निपल बदलायची पाना-चावी, छिद्र साफ करायची बारीक तार, आणि एक जादा निपल जवळ ठेवा. जादा निपल घेताना आटे तपासा. पाव इंची, इंचाला २८ आट्यांचे निपल आणि ६ मिलिमीटरचे, ०.७५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे निपल दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरे बसवले तर ते डगडगते किंवा आटे खाते, आणि सुटलेले निपल सरळ तोंडावर येते. बार उडाल्यावर घोडा आपोआप मागे उचलला जाऊ लागला की निपलचे छिद्र झिजून मोठे झाले असे समजा आणि ते लगेच बदला.

चष्मा आणि कानातले बोळे हेही साहित्यच. फुटलेल्या केपेचे तांब्याचे कण डोळ्याच्या उंचीवर उडतात. साधा पारदर्शक, बाजूने झाकलेला चष्मा पुरे.

बंदूक वडिलोपार्जित असेल तर एवढ्याने भागत नाही. नळी आतून गंजून खड्डे पडलेली आहे का, मागची बूच हलते का, अर्ध्या चापावर (अर्धाच मागे ओढून अडकवून) ठेवलेला घोडा अंगठ्याने ढकलल्यावर सुटतो का, हे परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घेतल्याशिवाय तिच्यात चिमूटभरही दारू घालू नका. अशा बंदुकीत जुना बार तसाच पडून असण्याची शक्यताही धरून चाला. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेटते.

आता भरणी. क्रम कधीच बदलायचा नाही.

घोडा खाली, निपल उघडे, केप नाही. गज सोडून रिकाम्याची खूण नळीच्या तोंडाशी येते का पाहा. दर वेळी पाहा, काल रात्री तुम्हीच रिकामी केलेली असली तरी. मग कोरड्या फडक्याने तेल पुसा आणि नळी जमिनीवरच्या एका पानाकडे धरून नुसती केप उडवा. पान हलले तर निपलपासून तोंडापर्यंत वाट मोकळी आहे. नाही हलले तर तेल किंवा घाण अडकली आहे, तार घाला. हे न करणाऱ्यांचाच पहिला बार फुसका जातो.

दस्ता जमिनीवर, नळी तुमच्यापासून दूर कलती. नळीच्या तोंडावर चेहरा, छाती किंवा पूर्ण तळहात येऊ देऊ नका. माप भरा, फ्लास्क बंद करून खिशात किंवा मागे ठेवा, आणि मगच मापातली दारू नळीत ओता. नळीला बाजूने दोन थापट्या मारा. कडक पुठ्ठा, नमदा. गज मुठीत न धरता बोटांच्या चिमटीत धरा आणि तोंडापासून वीतभर अंतरावरच धरून थोडा थोडा ढकला. लांबून जोर लावला की गज वाकतो आणि मोडतो. तळाला टेकल्यावर एकदा सारखा, ठाम दाब द्या. वरून गज आपटून उडवायची सवय वाईट, त्याने दाणे चुरडतात आणि प्रत्येक बार वेगळा होतो. छर्रे, वरचा पुठ्ठा, पुन्हा दाब. आता गजावरची भरल्याची रेघ नळीच्या तोंडाशी आली पाहिजे. नखभर चूक चालेल, बोटभर नाही. फरक असेल तर केप लावायची नाही, बार काढायचा.

गज बाहेर काढून जागेवर ठेवा. गज नळीत राहून बार उडाला तर तो बाणासारखा जातो आणि नळीही जाऊ शकते. केप सर्वांत शेवटी, बार काढायच्या जागी उभे राहिल्यावरच. अर्धा चाप म्हणजे संरक्षण असे समजून केप लावलेली बंदूक घेऊन बांधावरून, पाटावरून, चिखलातून चालू नका. पाय घसरला की घोड्याला फांदी लागते.

भरणी करताना विडी, चूल, पेटता कंदील जवळ नको. रात्री डोक्याला लावायची एलईडी बत्ती वापरा. एका वेळी एकाच माणसाने भरायचे, आणि त्याच्याशी कोणी बोलायचे नाही. ‘दारू घातली की नाही’ हा विसर गप्पांतच पडतो. आणि उर्राकाच्या (काजूच्या बोंडांच्या मद्याच्या) मोसमात हे स्पष्ट सांगायला हवे: एक पेला घेतला असेल तर त्या रात्री बंदूक कपाटातच.

दिशा ठरवताना मऊ मातीचा उंच बांध मागे हवा. जांभ्या दगडाच्या गडग्यावर छर्रे लागले तर उलटे येतात. झुडपातल्या हालचालीवर, आवाजावर, चमकणाऱ्या डोळ्यांवर कधीही बार काढू नका. रात्री बागेत राखणीला आलेला शेजारी, सड्यावरून येणारा माणूस, बांधलेले जनावर, सगळे तसेच दिसतात. भरलेली बंदूक दोरी लावून वाटेवर रोखून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि त्या वाटेने येणारे पहिले पाऊल माणसाचे असू शकते.

दुसरा बार भरण्याआधी दोन मिनिटे थांबा. ओलसर फडके एकदा तळापर्यंत, मग कोरडे. ओल्या फडक्याने धुमसता कण विझतो आणि काजळीही निघते. नळीत तोंडाने फुंकर मारू नका.

केप फुटली आणि बार उडाला नाही, तर बंदूक आहे त्याच दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा. बार उशिरा पेटू शकतो. मग नवी केप. दोनदा फुसके गेले तर निपलच्या छिद्रात तार घाला, पुन्हा केप. तरीही नाही, तर बंदूक हलणार नाही अशा खाचेत कलती टेकवा, निपल काढा आणि मागून पाणी घालून दारू पुरती भिजवा. पंधरा मिनिटांनी मळसूत्री आकड्याने वरचा पुठ्ठा ओढा, छर्रे भांड्यात ओता, मग नमदा आणि पुठ्ठा. भिजलेली दारू बादलीभर पाण्यात विसर्जित करा. ती उन्हात किंवा चुलीपाशी वाळवून परत वापरायची नसते. कोरड्या बारावर स्क्रू फिरवून ओढाताण करणे हा हात गमावण्याचा मार्ग आहे.

कापडात गुंडाळलेल्या गोळीबद्दल. ती पद्धत आट्यांच्या नळीची, म्हणजे रायफलची आहे. ०.५० इंची रायफलीत ०.४९० इंची मऊ शुद्ध शिशाची गोळी आणि ०.०१५ इंच जाडीचे सुती, वंगण लावलेले कापड अशी जोडी असते. कापड आट्यांत घट्ट रुतते आणि गोळीला फिरकी देते. नळीच्या तोंडाशी ती आत घालायला छोटा मुठीचा ठोकणा लागतो, मग गजाने खाली. दारू ५० ते ६० ग्रेनपासून सुरू करतात. तुमची नळी गुळगुळीत आहे. तिथे गोळी फिरत नाही, नेम थोड्याच अंतरावर सुटतो, आणि एकटी गोळी छर्ऱ्यांपेक्षा खूप दूर, वस्तीपर्यंत जाते. पिकाच्या राखणीसाठी तिची गरज नाही. परवान्यावर जो प्रकार लिहिला आहे त्याच्या बाहेरची रायफल घेताही येत नाही. दोन्हींत एक नियम मात्र तोच: गोळी दारूला टेकली पाहिजे आणि गजावरची रेघ तोंडाशी आली पाहिजे.

गोव्याच्या हवेत धुलाई त्याच रात्री व्हायला हवी. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जून ते सप्टेंबर न धुतलेली नळी सकाळपर्यंत तांबूस होते. नुसते तेल फिरवून राख निघत नाही, पाणीच लागते. निपल काढा, कोमट पाण्यात थोडा साबण घाला, फडके लावलेला गज पंपासारखा चालवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कोरडी फडकी, शेवटी बंदुकीचे तेल. साठवणीला खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरे फडके फिरवा. तांबूस डाग आला तर कोपऱ्यात पाणी राहिले होते.

दारू मूळ डब्यात, स्वयंपाकघरापासून आणि पोरांपासून दूर, कुलपात. केप वेगळ्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसह, दुसऱ्या कपाटात. बंदूक भरलेली घरात आणायची नाही. मांगरातून निघण्याआधी बार मातीच्या बांधात काढा किंवा आकड्याने ओढून रिकामी करा. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात बंदूक जमा करायला सांगतात. तेव्हाही ठाण्याच्या पायरीवर जाण्याआधी घरीच गज सोडा आणि रिकाम्याची रेघ नळीच्या तोंडाशी आली आहे हे पाहा. परत घेतल्यावरही पहिले काम तेच.